पुढच्या गल्लीत

आमच्या वस्तीत कचरा साठत नाही. इंदुरात कुठेच साठत नाही. २०१७ पासून स्वच्छतेच्या यादीत हे शहर अव्वल आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे, कारण त्यामागे किती हात राबतात ते रोज डोळ्यांना दिसतं. रात्री झाडू फिरतो, पहाटे पुन्हा फिरतो, सकाळी गाणं वाजवत गाडी येते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, इलेक्ट्रॉनिक असा सहा ठिकाणी कचरा वेगळा होतो. दूध आणायला बाहेर पडावं तर रस्ता लख्ख. म्हणूनच बंद गिरणीच्या पडक्या भिंतीशी रात्री काय चाललं होतं, याचा मागमूस आमच्यापैकी कुणाला लागत नाही. तो लागतो झाडणाऱ्या ताईंना.

त्यांनीच मला एकदा सुपली पुढे करून दाखवली. चांदीच्या कागदाचे तुकडे होते, मधोमध तपकिरी ओघळ वाळलेला. अर्धवट जळलेल्या काड्या. पंक्चर काढायच्या सोल्युशनची ट्यूब, बुडापासून पिळून पार चपटी केलेली. गोळ्यांची रिकामी पाकिटं, त्यांची एक कडा कात्रीने नेमकी कापून टाकलेली. "पन्नी मतलब पावडर," त्या म्हणाल्या. "ये मेडिकल का माल. और ये ट्यूब..." इथे थांबून त्यांनी हातानेच कमरेएवढी उंची दाखवली. "इत्ते-इत्ते बच्चे, मैडम." सुई सापडली तर त्या चिमट्याने उचलून घातक कचऱ्यात टाकतात. पावसाळ्यानंतर ट्यूबा वाढल्यात, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या भागात कुठल्या वयाचं पोर काय घेतं, याचा सगळ्यात खरा हिशेब या बाईंकडे आहे. रहवासी संघाच्या बैठकीला मात्र त्यांना कधी कुणी बोलावलेलं नाही.

मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, पाचवी ते दहावी. त्यामुळे "इत्ते-इत्ते" म्हटलं की माझ्यापुढे चेहरेच येतात. कुणाला अपूर्णांकांची भीती, कुणाचं अक्षर मोत्यांसारखं, कुणी उत्तर बरोबर आलं की आधी माझ्याकडे बघणार. २०१९ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने देशभरातल्या नशेचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं, दिल्लीच्या एम्सने केलेलं. त्यातली एक गोष्ट वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. हुंगायच्या नशेत, म्हणजे सोल्युशन, थिनर, व्हाइटनर यांत, मुलांचं प्रमाण मोठ्या माणसांच्या दुप्पट निघालं. मोठ्यांत ०.५८ टक्के, दहा ते सतरा वयाच्या मुलांत १.१७ टक्के. स्वस्त, खिशात मावणारं आणि कुठेही मिळणारं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात पंक्चरचं सोल्युशन बसत नाही, त्यामुळे ट्यूब विकणाऱ्यावर त्या कायद्याखाली काही करता येत नाही. दुकानदाराला मी विचारलं, सायकल नसलेलं पोर रोज ट्यूब मागतं तेव्हा तुम्हाला काही वाटत नाही का? तो म्हणाला, मी नाही दिली तर नाक्यावरचा देईल. हे "नाक्यावरचा देईल" मी त्यानंतर फार ठिकाणी ऐकलं, आणि दर वेळी मला त्याचा संताप आला.

भिंतीबद्दल थोडं सांगायला हवं. इंदूरच्या कापड गिरण्या एकेक करत बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगारांच्या थकलेल्या २२४ कोटी रुपयांचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी कामगार देवाघरी गेले होते. आमच्या शेजारची गिरणी ती नव्हे, पण कहाणी तीच. भोंगा गेला, पाळ्या गेल्या, चहाच्या टपऱ्या गेल्या. राहिली ती भिंत, आतलं माजलेलं रान आणि एक भगदाड, ज्यातून एका वेळी एक माणूस वाकून आत जाऊ शकतो.

माझे सासरे त्या गिरणीत फिटर होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झांक्या निघतात. बाहेरच्या मराठी वाचकांना याची कल्पना नसेल म्हणून लिहिते. गाड्यांवर देखावे, दिव्यांच्या माळा, हलणाऱ्या बाहुल्या, रात्रभर रस्त्याच्या दुतर्फा माणूस. शंभरेक वर्षांची ही परंपरा कामगारांनी पदरमोड करून उभी केली. आमच्या गिरणीची झांकी आतल्या शेडमध्ये बांधली जायची आणि त्या महिन्यात गल्लीतलं एकही पोर रात्री घरी नसायचं. कुणी तारा ओढतंय, कुणी खळ शिजवतंय, कुणी नुसतंच मोठ्यांच्या शिव्या खातंय. सासरे बाहुलीची मान फिरवणारं चक्र बसवायचे आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांना बल्ब धरून उभं करायचे. झांक्या आजही निघतात, गर्दीही होते. पण रात्रीच्या वेळी पोराच्या हाताला काम देणारी, त्याला नावाने ओळखणारी, चुकलं तर कान धरणारी मोठी माणसं त्या भिंतीपाशी आता नाहीत. ती जागा रिकामी राहिली आणि ज्याला ती हवी होती तो येऊन बसला.

भिंतीलगत एक दिव्याचा खांब आहे. दिवा दगडाने फोडला गेला, नवा लागला, तो फुटला, मग पुढचा लागलाच नाही. तक्रारीवर उत्तर आलं, "वारंवार तोडफोड होते म्हणून तूर्त दिवा बसवता येणार नाही." पुन्हा तक्रार टाकली तर मोबाइलवर संदेश आला की तक्रारीचं निराकरण झालं आहे. मी तो संदेश वाचला तेव्हा अंधारात त्याच खांबाखाली उभी होते. शेजारचा लहानसा बगीचा संध्याकाळी कुलूपबंद होतो, कारण "नशेडी येतात". मग जी मुलं तिथे खेळायची ती कुठे जातात? भिंतीकडेच. जिथे काही वाईट घडतं ती जागा बंद करायची, आणि मग पोरं दुसरीकडे गेली की ती दुसरी जागाही बंद करायची, असं आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे.

पोलिसांकडे मी अनेकदा गेले आहे. ठाण्यात पहिला प्रश्न असतो, विकतो कोण? दुसरा, तुम्ही स्वतः पाहिलं का? हे प्रश्न चुकीचे नाहीत. मी हट्टाने अमली पदार्थांच्या कायद्याची माहिती काढली तेव्हा कळलं की आमच्या भिंतीशी उभा राहणारा पोरगा तो कायदा माझ्यापेक्षा चांगला जाणतो. ब्राउन शुगर, म्हणजे पन्नीवरची पावडर, भेसळीचं हेरॉइन, पाच ग्रॅमपर्यंत असेल तर ती "अल्प मात्रा", जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा. अडीचशे ग्रॅमच्या वर "व्यावसायिक मात्रा", दहा ते वीस वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीनही सहजी नाही. एमडीला, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेला, हेच आकडे दोन आणि पन्नास ग्रॅम, गांजाला एक आणि वीस किलो. म्हणून कुणीच अंगावर जास्त बाळगत नाही. पुड्या भिंतीच्या विटांच्या फटींत असतात आणि फटीपासून गिऱ्हाइकापर्यंत त्या नेऊन देतं एखादं बारा वर्षांचं पोर. झडती घ्यायची तर तिच्याही रीती आहेत, त्यातली एक चुकली तर खटला कोर्टात कोसळू शकतो. बीटवरचा हवालदार मला एकदा कळवळून म्हणाला, "मॅडम, पकडतो तो ओढणारा. विकणारा सापडला तरी खिसे रिकामे."

२०२४ च्या ऑक्टोबरात भोपाळजवळच्या बगरोद्यात एमडीचा कारखाना पकडला गेला, गुजरात एटीएस आणि केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोने (एनसीबी) मिळून. सुमारे अठराशे कोटींचा माल, असं जाहीर झालं. आमच्याकडे टीव्हीसमोर सगळे म्हणाले, बरं झालं. बरंच झालं, यात वाद नाही. त्याच संध्याकाळी विकणाऱ्याची बिननंबरची मोटरसायकल रोजच्या वेळी भिंतीपाशी थांबली. कारखाना पकडायला राज्याची आणि केंद्राची यंत्रणा लागते. फटीतली पुडी शोधायला मात्र गल्ली ओळखणारी माणसं लागतात.

यावर हमखास निघणारा एक मुद्दा: "अहो, हा मालवा आहे. अफू इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली." चालत आली, खरं आहे. एकोणिसाव्या शतकात मालव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची. इंदुरात पेट्या तोलून त्यांवर कंपनी सरकारची जकात घ्यायचे आणि मगच पुढचा परवाना मिळायचा. हा चीनचा व्यापार १९१३ च्या सुमारास थांबला. आजही नीमच, मंदसौर, रतलाम भागात परवान्याने खसखशीची शेती होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडांना चिरे देऊन चीक, म्हणजेच अफू, गोळा करतात, सरकार तो विकत घेतं, नीमचच्या कारखान्यात त्यातून औषधांची द्रव्यं काढतात. मॉर्फिन मिळतं म्हणून कॅन्सरचा रोगी रात्री झोपू शकतो, हे मी माझ्या आईच्या उशाशी बसून पाहिलंय. या सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालयही आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरला आहे. सासूबाई सांगायच्या की गिरणीत पाळीला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची इवलीशी गोळी चाटवून जायच्या, म्हणजे ते आई येईपर्यंत झोपून राहील. हे सांगताना त्यांचा आवाज पडायचा. त्यांच्या ओळखीतलं एक मूल त्या झोपेतून उठलंच नव्हतं. तेव्हा "पिढ्यान्‌पिढ्या चालत आली" याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या लेकरं गेली, असाच मी घेते. ते गप्प बसायचं कारण होऊ शकत नाही.

आता ज्या मुलामुळे मी हे लिहायला बसले त्याच्याबद्दल. तो मागच्या गल्लीत राहायचा. माझ्याकडे आठवीपर्यंत होता, भूमितीत हुशार. पुढे शाळा सुटली, गोदामात हमाली, तिथून पन्नी. त्याची आई दोन घरची धुणीभांडी करते, मी तिला वहिनी म्हणते. नशा मिळाली नाही की त्याचं काय व्हायचं ते तिने मला बोलावून दाखवलं होतं. जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोट सुटलेलं, आणि पाय असे दुखायचे की तो ते भिंतीवर आपटायचा. "ताई, हा नाटक करतो असं ह्याचे बाबा म्हणतात," ती म्हणाली. ते नाटक नव्हतं. पहिले दोन-तीन दिवस कळस गाठून आठवडाभरात ओसरणारा तो त्रास आहे, आणि तो ओसरला म्हणजे व्यसन सुटलं असं मुळीच नाही.

घरच्यांनी उसने पैसे काढून त्याला शहराबाहेरच्या एका खासगी केंद्रात टाकलं. तिथे मारायचे, आणि रात्री पायाला साखळी असायची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला साखळीने बांधायला साफ मनाई केली आहे आणि दारू-ड्रग्जचे मनोविकारही त्याच कायद्यात येतात, हे त्या आईला कोण सांगणार होतं? काही आठवड्यांनी तो परत आला. गालावर मांस चढलेलं, केस कापलेले. गल्लीने पेढे खाल्ले. मीही खाल्ला. थोड्याच दिवसांत एका सकाळी तो सार्वजनिक शौचालयात सापडला. चांदीचा कागद शेजारीच होता.

हे का झालं ते प्रत्येक आईबापाला ठाऊक असायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते. रोज पावडर घेणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावतं. काही आठवडे ती बंद राहिली की हा सराव उतरतो. मनाची ओढ मात्र उतरलेली नसते. बाहेर आल्यावर पोरगा जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतो, आणि काल जी पचत होती तीच आज श्वास बंद पाडते. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. त्या दिवसांत मुलाला एकटं सोडायचं नसतं, आणि पुढचे औषधोपचार ठरवल्याशिवाय घरी आणायचं नसतं. त्या केंद्राने आईच्या हातात बिलाची पावती ठेवली, पण यातलं एक अक्षर तिला सांगितलं नाही.

त्याच गल्लीत दुसरा एक मुलगा आहे, त्याचाच जोडीदार. तो आज सरकारी केंद्रात जातो, ब्युप्रेनॉर्फिन या, पावडरची तलफ भागवणाऱ्या औषधाची गोळी नर्सच्या समोर जिभेखाली धरतो, विरघळेपर्यंत बाकावर बसतो आणि तिथून थेट नमकीनच्या कारखान्यात कामाला. तळणावर उभा असतो. लोक म्हणतात, "एक नशा सोडून दुसरी धरली." मी त्यांना विचारते, तो चोरी करतो का? नाही. पगार आईच्या हातात देतो का? देतो. जिवंत आहे का? आहे. मग तुम्हाला आणखी काय हवं? त्या औषधाने पायदुखी आणि तडफड थांबते, झिंग येत नाही, आणि डोकं पुढच्या दिवसाचा विचार करायला मोकळं होतं. ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. मधुमेहाच्या गोळीला कुणी नशा म्हणत नाही.

कायद्यानेही हा भेद केलेला आहे. त्याच १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे: नशेच्या आहारी गेलेला, थोड्या मात्रेत सापडलेला माणूस आपण होऊन उपचाराला तयार झाला आणि त्याने उपचार पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. आणि लहान मुलांकडून माल पोचवून घेणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. विकणारा आणि ओढणारा या दोन वेगळ्या माणसांसाठी दोन वेगळे रस्ते आहेत. फोनही दोन आहेत: विक्रीची खबर द्यायला १९३३, व्यसनातून बाहेर यायचा सल्ला हवा तर १४४४६. आमच्या वस्तीच्या अर्जांत मात्र वर्षानुवर्षं एकच ओळ जायची, "नशेडींचा बंदोबस्त करावा." त्या ओळीने काय व्हायचं? गाडी यायची, सापडतील ती चार हाडकुळी पोरं उचलायची, रात्रभर बसवून सकाळी सोडायची. मोटरसायकलवाला तोवर चहा पीत असायचा.

म्हणून अलीकडचे अर्ज मी लिहिते. विटांच्या कुठल्या फटी, कुठली वेळ, मुलांच्या हातून देवाणघेवाण, कलम ७८. वेगळा अर्ज औषध निरीक्षकांकडे, कापलेल्या पाकिटांच्या फोटोंसह. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, ट्रॅमाडॉल, कोडीन अशी औषधं विकताना दुकानदाराने डॉक्टरचं, रोग्याचं नाव आणि किती माल दिला ते वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची असते. पाकिटाची कडा कापतात ती बॅच नंबर उडवण्यासाठी. ही गोष्ट अर्जात लिहिली तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर एका दुकानापुढची रात्रीची गर्दी बरीच ओसरली.

आणि आम्ही बसायला लागलो. मी, समोरच्या जोशी काकू, मागच्या गल्लीतल्या दोघीतिघी. भिंतीसमोर एका बंद घराचा ओटला आहे, तिथे संध्याकाळी. कुणी मेथी निवडते, कुणी मटार सोलते. घोषणा नाहीत, फलक नाहीत. पहिल्या काही संध्याकाळी पोरं आम्हाला बघून परत फिरली. मग तो मोटरसायकलवाला स्वतः आला. स्वच्छ शर्ट, हातात कडं. तो स्वतः घेत नाही हे डोळ्यांवरून कळत होतं. "आंटीजी, यहाँ मच्छर भोत हैं, घर में बैठो ना," म्हणाला. मी म्हटलं, घरच आहे हे आमचं, भिंतीपर्यंत. तो हसला नाही. माझ्या नवऱ्याचं दुकान कुठे आहे ते त्याने सांगितलं. ते दहा वाजता कुठल्या रस्त्याने घरी येतात तेही सांगितलं. मग गाडीला किक मारून गेला. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ऊठू नकोस. आत्ता उठलीस तर उद्या येता येणार नाही."

घरी सांगितल्यावर नवरा भडकला, मग काही दिवस बोललाच नाही. एका रविवारी बघते तर तो आमच्या गच्चीच्या कठड्याला भिंतीकडे तोंड करून मोठा दिवा बसवत होता. वीज आमची, बिल आमचं. त्या धमकीची लेखी तक्रार आम्ही दोघांनी मिळून केली आहे आणि दुकानातून तो आता शेजाऱ्यांच्या सोबतीने येतो. भीती गेलेली नाही. रात्री जिन्यात पाऊल वाजलं की मी अजून दचकते.

ओटल्यावर बसल्याने धंदा बंद झाला असं मी म्हणणार नाही. तो सरकला आहे. पण पुड्या पोचवणाऱ्या पोरांपैकी दोघं आता माझ्याकडे शिकवणीला येतात, फी नाही. एकाला भागाकार येत नाही, पण ग्रॅम-मिलिग्रॅमचं रूपांतर तोंडपाठ आहे. ते ऐकल्या रात्री मला झोप लागली नाही.

याच सुमारास रहवासी संघाने ठरवलं की गल्लीच्या टोकाला लोखंडी गेट बसवायचं, रात्री नऊला बंद. प्रत्येक घरामागे वर्गणी, शिवाय पगारी चौकीदार. कल्पना मांडणारी माणसं वाईट नाहीत. त्यांच्या घरात वयात आलेल्या मुली आहेत, क्लासवरून अंधारात परतणाऱ्या. त्यांचा धीर सुटलाय आणि तो का सुटलाय ते मला कळतं. पण गेट जिथे लागणार आहे तिथून पलीकडे मागची गल्ली सुरू होते. भिंतीचं भगदाड गेटच्या बाहेरच राहणार, आणि मोटरसायकल आमच्या दाराशी थांबायची ती त्यांच्या दाराशी थांबणार. तिथली घरं एका खोलीची आहेत, आयाबाया संध्याकाळी कामावर असतात, पोरं रस्त्यावरच वाढतात. आमच्या गल्लीतल्या पोराला निदान बंद करायला एक दार आहे. धंदा पुढच्या गल्लीत गेला की आमच्या अर्जावरही निराकरण झालं असा शेरा पडेल, आणि मागच्या गल्लीतून अर्ज लिहिणारं कुणी नाही.

बैठक येत्या रविवारी आहे. गेटची वर्गणी मी देणार नाही, हे सचिवांना कळवलं आहे. तेवढीच रक्कम भगदाड विटांनी बुजवायला आणि खांबावरच्या दिव्याला जाड जाळी करून घ्यायला देते, म्हटलं. गवंडी आणि वेल्डर दोघांशी बोलून ठेवलंय. बगीचा रात्री नऊपर्यंत उघडा ठेवायचा आणि आळीपाळीने दोन घरांनी तिथे थांबायचं, असाही ठराव मांडणार आहे. जोशी काकू अनुमोदन देतील. माझ्या नवऱ्याचं मत अजून गेटच्याच बाजूने आहे आणि त्याने ते मला सरळ सांगितलंय. मागच्या गल्लीला या बैठकीचं बोलावणं नव्हतं, ते मी घरोघर जाऊन दिलं. वहिनींनी रविवारची कामं लवकर आटपून यायचं कबूल केलं आहे. गेट लागलं तर ते त्यांच्या उंबऱ्यापासून दहा पावलांवर असेल, आणि त्याबद्दल त्यांना काही बोलायचं आहे.